स्पटरचा रविवार

अक्काचा आवाज बदललाय, हे मला दिवाळीच्या आसपास फोनवर पहिल्यांदा जाणवलं. आधी वाटलं, तिच्या तोंडात लवंग किंवा सुपारी असेल. मग वाटलं, रेंजचा घोळ असेल. ती हुबळीत उणकलला राहते, तिथं तळ्याच्या बाजूनं उंच इमारती झाल्यात, त्यांच्यामुळं फोन नीट लागत नाही असं तीच मागं म्हणाली होती. पण रेंज गेली की सगळेच शब्द तुटतात. अक्काचे ठरावीकच तुटत होते. 'प्रसाद' तुटायचा, 'स्टेशन' तुटायचं. 'भात' आणि 'आमटी' मात्र धड यायचे. संक्रांतीला तिनं फोनवर 'गोड बोला' म्हटलं, तर त्यातला 'ड' विरघळून गेला. मी मिरजेला माझ्या ओट्यापाशी उभी होते. तिनं फोन ठेवल्यावरही मी तो कानाला तसाच धरून ठेवला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. फक्त तो अक्काचा नव्हता, आमच्या अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली की त्यांचा आवाज आठवायला गेलं तर मधलं काही आठवत नाही. थेट शेवटच्या वर्षातला तो अडकणारा, ओलसर आवाजच आठवतो. आधीचा भरदार आवाज त्यानं खाऊन टाकला.

माघात मी हुबळीला आले. सकाळची गाडी होती. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला आधी कानडीत बोलला, मग माझ्या कानडीतला मिरजेचा गंज ओळखून मराठीत आला. भावोजी गेल्यापासून अक्का मुलाकडं राहते. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात, घरात दिवसभर अक्का आणि तिची नात चिन्नी. चिन्नी सातवीत आहे. मी पोचले तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर इंग्रजीचं पुस्तक उघडून बसली होती, आणि अक्का पलीकडं बसून वालाच्या शेंगांच्या शिरा काढत होती.

"आलीस? गाडी वेळेवर होती की?" अक्का म्हणाली. तेवढं तिला छान आलं. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

मग चिन्नीनं मान वर न करताच विचारलं, "अज्जी, इंजिन स्पटर्ड म्हणजे काय झालं गं इंजिनला?"

अक्काचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या शब्दाला आम्हा दोघींच्या घरात कितीतरी वर्षं जागाच नव्हती. तिनं नातीला उत्तर द्यायला तोंड उघडलं. "स्प," ती म्हणाली. परत "स्प." जीभ वर टेकली आणि तिथंच राहिली, पुढं सरकेना. ओठाच्या कोपऱ्यात लाळेचा एक थेंब आला. तो तिनं पदरानं टिपला, शेंगांची परात उचलली आणि ती आत गेली.

"काय झालं?" चिन्नीनं मला विचारलं.

"सांगते," मी म्हटलं, आणि सांगितलंही. इंजिन धड चालत नाही, धड बंदही पडत नाही, मधेच गचके खात फट्-फट् करतं, त्याला स्पटर म्हणतात. तिनं ते पेन्सिलीनं शब्दावर लिहून घेतलं. मी सांगत होते ती वाक्यं माझी नव्हती, अण्णांची होती. अगदी 'फट्-फट्' म्हणायची ढबसुद्धा.

अण्णा धारवाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही राहायचो हुबळीत, कमरीपेठेत, एका बोळातल्या दोन खोल्यांत. समोर शिंपी, त्याच्या शेजारी चांदीचं काम करणारा, बोळाच्या तोंडाशी तराजू दुरुस्त करणारा एक म्हातारा. सकाळ झाली की शिलाई मशीनची घरघर आणि चांदीवरची टकटक सुरू व्हायची, त्यातच आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळायचा. बोळाला तेलाचा, तापल्या धातूचा आणि भाजलेल्या ज्वारीचा असा एक एकत्र वास होता. अजून कधीतरी एखाद्या दुकानासमोरून जाताना तो अर्धवट येतो, आणि पूर्ण व्हायच्या आत जातो.

रोज सकाळी अण्णा स्कूटरवरून धारवाडला जात आणि दिवस कलता कलता परत येत. रविवार मात्र आमचा असायचा. रविवारी सकाळी चहा पिताना ते आम्हा दोघींना एक इंग्रजी शब्द देत. पाठ करायला नव्हे, शोधायला. तो शब्द घरात, बोळात, दिवसभरात जिथं जिथं सापडेल तिथून पकडून आणायचा आणि रात्री जेवताना सांगायचा. एका रविवारी 'रस्टी' शोधला होता, एका रविवारी 'लूकवॉर्म'. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, कॉलेजात जायला लागलेली, पण या खेळात ती माझ्याएवढीच होऊन जायची. बहुतेक वेळा तीच जिंकायची. तिचे कान फार तिखट होते.

कार्तिकातल्या एका रविवारी त्यांनी 'स्पटर' दिला.

"नीट ऐका हं," ते म्हणाले. त्यांना समजावून सांगताना बघणं हे एक सुख होतं. बशी खाली ठेवायचे आणि दोन्ही हात मोकळे करून घ्यायचे. "स्टॅमर आणि स्टटर हे माणसाचे शब्द. बोलताना माणूस अडतो, तेच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतो. स्प्लटर म्हणजे ठसका लागल्यासारखं, फसफसून बोलणं. आणि स्पटर सगळ्यांचा. तो माणसाचा असतो, यंत्राचा असतो, दिव्याचा असतो, कढईतल्या तेलाचा असतो. थुंकी उडावी तसे बारीक बारीक, तुटके आवाज. आपल्याकडं बघा, दिवा फुरफुरतो, तेल तडतडतं, गाडी गचके खाते, माणूस चाचरतो. प्रत्येकाला आपण वेगळा शब्द दिला. इंग्रजांनी सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं."

"मग तो शब्द चांगला की वाईट?" मी विचारलं होतं.

"ते त्याच्या मागून काय येतं त्यावर. स्पटर आउट म्हटलं तर विझलं, संपलं. स्पटर टु लाइफ म्हटलं तर उलट, बंद पडलेलं सुरू झालं. नुसता आवाज ऐकून सांगता येत नाही, ती वस्तू कुठल्या दिशेला निघाली आहे."

तो दिवस मला जितका आठवतो तितका माझ्या लग्नाचा दिवससुद्धा आठवत नाही. मला पहिल्यांदा फोडणीतली मोहरी मिळाली. आई म्हणाली, माझ्या फोडणीला इंग्रजी नावं ठेवू नका. मग दुपारी नळ आला. हुबळीत नळाला पाणी येणं हा तेव्हाही सणच होता. मधे कितीतरी दिवस कोरडे जायचे, आणि पाणी यायच्या आधी नळ खाकरायचा. आधी नुसती हवा यायची, मग गंजाचे चार शिंतोडे, मग पुन्हा हवा. तो खाकरला की बोळभर घागरी, बादल्या, पातेली घेऊन बायका धावायच्या. "टु लाइफ!" मी घागर धरून ओरडले. अण्णांनी दारातून टाळ्या वाजवल्या.

ऊन उतरल्यावर ते आम्हाला स्कूटरवरून उणकलच्या तळ्यावर घेऊन गेले. मी पुढं उभी, अक्का मागं. तेव्हा उणकल गावच होतं. रस्त्याला कडब्याच्या गंजी, गोठ्यांचा वास, तळ्याच्या काठाला म्हशी. गावाच्या अलीकडंच स्कूटरनं गचके खाल्ले, फट्-फट् केलं आणि ती बंद पडली. अण्णांनी ती एका अंगावर झुकवली, मग सरळ केली, किक मारली. पुन्हा किक मारली. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून मोठ्यानं 'आउट, टु लाइफ, आउट, टु लाइफ' म्हणत होतो. गाडी सुरू झाली तेव्हा अण्णांनी धाप लागलेली असतानाही हसून मागं बघितलं. तळ्यावरून येणारा गार वारा, पाण्यावरचा शेवाळाचा वास, आणि किती खूश होतो आम्ही.

घरी आल्यावर आईनं देवापाशी समई लावली. वात ओली राहिली होती, ज्योत तडतडायला लागली. "मिळाला," मी म्हटलं. आईनं वात बदलली. तिला ते आवडलं नव्हतं. कार्तिकात देवाच्या दिव्यानं असं करू नये, एवढंच ती पुटपुटली.

मग जेवताना हिशेब सुरू झाला. माझं सगळं सांगून झालं. अक्का गप्प जेवत होती.

"तुझं काय गं?" अण्णांनी विचारलं.

"माझ्याकडं एकच आहे," ती म्हणाली. "पण तो कुणालाच मिळालेला नाही."

"सांग की मग."

"तुम्ही."

आई वाढता वाढता थांबली. अक्का जिंकण्याच्या भरात होती. ती म्हणाली, "सकाळी आईला तुम्ही 'प्रसाद दे' म्हणालात ना, तेव्हा 'प्र' दोनदा अडला. तळ्यावर मला हाक मारलीत तेव्हापण. आणि अण्णा, दुपारपासून 'स्पटर' म्हणतानाच तुम्ही स्पटर करताय."

अण्णा जोरात हसले. "शाबास," म्हणाले. "कान आहेत हो पोरीला! पूर्ण मार्क." मग त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम तो शब्द म्हणून दाखवला. पहिल्यांदा अगदी स्वच्छ आला. दुसऱ्यांदा म्हटला तेव्हा जीभ 'प'वर चिकटली आणि 'टर' नुसत्या हवेसारखा बाहेर पडला. आम्ही दोघी हसलो. त्यांनी पाण्याचं फुलपात्र उचललं आणि सावकाश, सगळं पाणी पिऊन संपवलं. मला आता दिसतं ते त्यांचं ते पाणी पिणं. घोट घेतला की ते क्षणभर थांबायचे, आणि मग गिळायचे.

त्यानंतरचे रविवार मला वेगवेगळे आठवत नाहीत. शब्द देणं काही दिवस चाललं, मग थांबलं. थांबलंय असं कुणी म्हणालं नाही.

त्याऐवजी घरातले शब्द बदलायला लागले. अण्णा 'प्रकाश' म्हणेनासे झाले, 'उजेड' म्हणायचे. 'स्कूटर'ची 'गाडी' झाली. 'प्रश्न' गेला. ते इतक्या सफाईनं शब्दांना वळसा घालायचे की परक्याला वाटावं, मास्तर आता साधं बोलायला लागले. अक्काचं खरं नाव प्रतिभा. त्यांनीच हौसेनं ठेवलेलं. थंडी वाढली तसं त्यांनी तिला नावानं हाक मारणं सोडलं. आधी 'ए पोरी' म्हणायचे, मग 'बाळ'. अक्का तेव्हा सतरा वर्षांची, बाळ म्हटलेलं तिला मैत्रिणींसमोर आवडायचं नाही. तरी पहिल्या हाकेला ती जायची, आणि त्यांच्यासमोर उभी राहून त्यांच्या ओठांकडं बघायची.

त्यांच्या शाळेत कानडी शिकवणारे हिरेमठ सर हुबळीतच राहायचे. कधीमधी संध्याकाळी ते घरी येत. अण्णा आणि ते चुरमुऱ्यांचं गिरमिट खात, आणि कुठल्या भाषेत कुठला शब्द चांगला यावर भांडत. अण्णांनी मराठीत बोलायचं, त्यांनी कानडीत, मधेच दोघांनी अदलाबदल करायची. त्या थंडीत हिरेमठ सर एकटेच दोघांचं बोलायला लागले. "मास्तर म्हणणार, इंग्रजीत याला असं म्हणतात. आणि मी म्हणणार, आमच्या कानडीत त्याहून गोड आहे." अण्णा मान डोलवायचे. एकदा सर सहज बोलून गेले, "आमच्यात तोदलु म्हणतात री मास्तर. लहान लेकरू बोबडं बोलतं, ते तोदलु. फार गोड शब्द." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गिरमिटाची पुडी चुरगाळून हातात धरली आणि ते जायला उठले.

जाताना दारात ते आईशी हळू आवाजात बोलले. मी आत गादीवर पडून ऐकत होते.

"वर्गात पोरं काय म्हणतात, वहिनी, तुम्हाला सांगू का? आधी हसायची. मास्तर काही बोलले की मागून कुणीतरी 'एनंद्री सर' करायचा. काय म्हणालात सर, असं. चेष्टेनं."

"आणि आता?"

"आता हसत नाहीत. आता खरंच विचारतात." ते थांबले. "हसायची ते बरं होतं."

बरेच डॉक्टर करून झाले. एकानं मानेचं सांगितलं, एकानं मज्जातंतूंचं. इंजेक्शनं झाली. आई एका सकाळी समोरच्या चांदीवाल्याकडं गेली आणि तिनं चांदीची एक छोटी जीभ करून घेतली. देवीला वाहायची होती. अंगठ्याच्या नखाएवढी, पातळ, मधे रेघ असलेली. तिनं ती आम्हाला दाखवली नाही, पण मी तिला ती कापसात गुंडाळताना बघितलं. वाहून आल्यावर आठवडाभर ती अण्णांच्या प्रत्येक शब्दाकडं कान लावून असायची. मग तिनं तेही सोडलं. ती अण्णांची वाक्यं स्वतःच पुरी करायला लागली. "अहो, पाणी हवंय ना? खिडकी लावू ना?" अण्णांना बहुतेक वेळा दुसरंच काही हवं असायचं. पण ते मान हलवून हो म्हणायचे, आणि आई खिडकी लावायची.

दहावीच्या मुलांची शाळा संपायच्या दिवशी ते धारवाडला गेलेच. आई नको म्हणत होती. अक्काचं कॉलेज धारवाडलाच, म्हणून तिला त्यांच्या मागं बसवून पाठवलं. तिनं संध्याकाळी सगळं सांगितलं, तेही एकदाच. ती वर्गाबाहेर व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी होती. अण्णा वर्गात गेले, खडू घेतला आणि फळ्यावर एक वाक्य लिहिलं. मुलांकडं वळून हातानं खूण केली, वाचा. मुलांनी वाचलं. त्यांनी पुसलं, पुढचं लिहिलं. तास संपेपर्यंत ते असंच लिहीत राहिले, आणि सगळा वर्ग एका आवाजात ते मोठ्यानं म्हणत राहिला. परीक्षेला पेन दोन न्या. उत्तर येत नसेल तर पुढं जा. घाबरू नका. अक्का म्हणाली, शेवटी शेवटी त्यांच्या हातातला खडू पण नीट चालत नव्हता, अक्षर फळ्यावरून खाली घसरायला लागलं होतं.

मग उन्हाळा आला. मला त्या उन्हाळ्यातलं घर आवाजांनीच आठवतं. म्हणजे नसलेल्या आवाजांनी. ज्वारीची पेज, ताक, मऊ भात. प्रत्येक घोटाला आम्ही तिघी त्यांच्या गळ्याकडं बघत बसायचो, आणि ठसका लागला की पाठ चोळायला उठायचो. समोरच्या शिंप्यानं दुपारचं मशीन बंद ठेवायला सुरुवात केली, आम्ही काही म्हटलं नव्हतं तरी. बोळात उन्हाचा आणि तापल्या पत्र्यांचा वास. अण्णा दाराकडं तोंड करून पडलेले असायचे. त्यांचा शेवटचा शब्द कोणता, ते आम्हाला कुणालाच सांगता यायचं नाही. तो शेवटचा आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. कदाचित 'नको' असेल. कदाचित 'बाळ'.

एका दुपारी नळ खाकरला. बरेच दिवस पाणी आलं नव्हतं, माठातलं पाणीसुद्धा तळाला गेलं होतं. आई घागर घेऊन पळाली, मी बादल्या घेऊन तिच्या मागं. बोळातल्या सगळ्या बायका, सगळी भांडी, पाण्याचा धो-धो आवाज. अक्का अण्णांपाशी बसलेली. पाणी जाईपर्यंत आम्ही भरत राहिलो. पाणी भरणं ही अशी गोष्ट होती की त्यासमोर दुसरं काही नसायचं. मी ओल्या फ्रॉकनं आत आले तेव्हा अक्का तशीच बसली होती, त्यांचा हात हातात घेऊन. ती म्हणाली, "मी हाका मारल्या." एवढंच.

तिनं त्यावर पुढं कधीच काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आईनं नंतर आम्हा दोघींना शिवणाच्या आणि शिकवण्यांच्या जोरावर वाढवलं. अक्का बँकेत लागली. लग्नं झाली. कमरीपेठेतल्या त्या खोल्या पाडून तिथं आता गोदाम झालंय म्हणे. मी बघायला गेले नाही.

यावेळी मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. कोप्पीकर रोडच्या मागच्या बाजूला त्यांचा दवाखाना आहे. डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे, कानडीत बोलत होते. त्यांनी अक्काला जीभ बाहेर काढायला सांगितली आणि तिच्यावर बारीक बॅटरीचा उजेड टाकला. मी शेजारी होते. मला दिसली. जीभ स्थिर होती, अक्का ती हलवत नव्हती, पण तिच्या कातडीखाली काहीतरी चाललं होतं. पावसाचे पहिले थेंब पडताना तळ्याच्या पाण्यावर जसं बारीक बारीक उठतं, तसं. डॉक्टरांनी बॅटरी विझवली.

"घरात कुणाला असं झालं होतं का?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं, पण अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिला स्वतःला सांगायचं होतं. "आमच्या... वडिलांना," ती म्हणाली. मग जपून, एकेक अक्षर उचलून, "बोलणं गेलं. मग गिळणं. मग ते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नंतर त्यांनी आजाराचं इंग्रजीतलं लांबलचक नाव घेतलं, सुया टोचून करायच्या तपासणीबद्दल सांगितलं, औषध फार नाही हेही सांगितलं, आणि ते खोटं गोड बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही सख्ख्या बहिणी ना?"

"हो."

"कधीकधी हा घराण्यात उतरतो. रक्त तपासून बघता येतं. सक्ती नाही. कुणाला जाणून घ्यायचं असतं, कुणाला नसतं."

खोलीतला पंखा फिरत होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न धरून ठेवला होता. मला फक्त चिन्नी आठवली, पेन्सिल ओठांत धरून बसलेली.

तपासण्या झाल्या. त्यात डॉक्टर म्हणाले होते तेच निघालं. अक्का रडली नाही. घरी आल्यावर तिनं साडी बदलली, चिन्नी शाळेत होती, ती तळ्याकडच्या खिडकीशी येऊन बसली आणि मला म्हणाली, "बस. तुला एक सांगायचंय. आत्ताच सांगते. नंतर सांगता यायचं नाही."

मी बसले.

"अण्णा गेले तेव्हा," ती म्हणाली, आणि थांबली. मला 'त्यांना त्रास झाला का' हे वाक्य पुढं करायचं होतं. जिभेवर आलेलं मी गिळलं. तिला वेळ लागला. "त्रास नाही झाला. घाबरले पण नव्हते. त्यांनी माझा तळहात उघडला. आणि त्यावर बोटानं... लिहीत होते."

"काय?"

"मला वाचता नाही आलं गं. इंग्रजी होतं की मराठी, तेही नाही. बोटात जोर नव्हता. मी म्हटलं, परत लिहा. त्यांनी परत लिहिलं. मी म्हटलं, परत. मग बोट थांबलं." तिनं उजवा हात मांडीवर पालथा घातला. "मला भीती वाटते ती याचीच. मरायची नाही. लिहीन, आणि समोरच्याला वाचता येणार नाही."

तळ्यावर आता लोक फिरायला येतात, काठाला फरशी झालीय, नावा आहेत. त्यातल्या एकीत कुणीतरी हसत होतं. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.

आज सकाळी, आंघोळीआधी, मी बेसिनच्या आरशासमोर उभी होते. अक्काचा मुलगा, सून, चिन्नी सगळे बाहेर पडले होते. मी दिवा लावला आणि जीभ बाहेर काढली. ती मला तशी नीट दिसेना. मीच थरथरत होते, त्यामुळं तीही थरथरल्यासारखी वाटत होती. मी श्वास धरला. बेसिनला घट्ट धरून उभी राहिले.

दारात अक्का आली. तिनं बघितलं, काय चाललंय ते तिला लगेच कळलं. मी तोंड मिटून घेतलं.

"दिसतं का काही?" तिनं विचारलं. ते वाक्य तिला अगदी स्वच्छ आलं.

"कळत नाही गं."

ती आत आली, माझ्याशेजारी उभी राहिली. बेसिन लहान, आमचे खांदे एकमेकींना चिकटले. आरशात दोन पिकल्या केसांच्या बायका होत्या, आणि दोघींची नाकं अण्णांची. तिनं मला कोपरानं ढोसलं, कॉलेजात असताना ढोसायची तसंच.

"काढ," ती म्हणाली. "दोघी काढू. मग कळेल."

तिनं तिची जीभ बाहेर काढली. मीही काढली. दिव्याचा उजेड वरून आमच्या दोघींच्या तोंडात पडत होता. तिची मला लख्ख दिसत होती, ती आत आत कशी उसळतेय ते. मी तिच्या जिभेकडंच बघत राहिले. आरशात माझ्या जिभेकडं अक्का बघत होती, लक्ष देऊन, न हलता, आणि मी तिच्या डोळ्यांकडं बघायचं टाळत होते.